उतारावर दिवा, वर्कशॉपमध्ये सगळं ठीक: डंपरच्या ब्रेकची परत परत येणारी तक्रार

तक्रार दर वेळी एकाच तऱ्हेची. डंपर भरून उतारावरून खाली चाललाय, रिटार्डरचा, म्हणजे उतारावर वेग आवरणाऱ्या ब्रेकचा, दांडा ओढलेला आहे आणि अर्ध्या उतारावर ब्रेकचा लाल दिवा लागतो, बझर वाजायला लागतो. ऑपरेटर गाडी बाजूच्या मातीच्या बांधाला टेकवतो. मेकॅनिक जातो, बघतो, डंपर वर्कशॉपला येतो. ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढतात (ब्लीडिंग), त्या तेलाच्या छोट्या टाकीत तेल भरतात, दिव्याचा स्विच रीसेट करतात. दिवा गेला. जॉब कार्डावर ‘ब्लीडिंग केले, ओके’ असं लिहून डंपर परत कामावर. पाच-सहा दिवसांनी तोच डंपर, तोच उतार, तोच दिवा.

चंद्रपूरकडच्या कोळशाच्या एका ओपनकास्टमध्ये, म्हणजे उघड्या खाणीत, ६० टनी डंपरांवर मी बरीच वर्षं फिटरकी केली. या एका तक्रारीनं जेवढं डोकं खाल्लं तेवढं इंजिनानंही खाल्लं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दिव्याचा अर्थ. आमचे डंपर हवा आणि तेल अशा दोन टप्प्यांच्या ब्रेकचे. पायाखालचं पेडल म्हणजे हवेचा वाल्व. तिथून हवा रिले वाल्वमार्गे बूस्टरला जाते. बूस्टरमध्ये हवेचा पिस्टन मोठा आणि तेलाचा लहान, त्यामुळे हवेचं सात-आठ किलो प्रेशर कितीतरी पटीनं वाढून तेलात येतं. ते तेल मागच्या चाकांतल्या ब्रेकच्या पिस्टनला ढकलतं आणि एकाआड एक लावलेल्या प्लेटा व डिस्क एकमेकींवर दाबल्या जातात. या प्लेटा तेलात बुडालेल्या असतात आणि पंप त्यांच्यामधून थंड तेल सतत फिरवतो. रिटार्डरचा दांडाही याच मागच्या ब्रेकांना हवा सोडतो, वेगळं काही नाही. पुढचे ब्रेक कोरडे, कॅलिपर आणि पॅडचे. त्यांची रडगाणी वेगळी, ती इथे नकोत.

नवीन पोरं इथे एक चूक करतात. कार-जीपच्या सवयीनं पेडल दाबून बघतात आणि ‘पेडल तर बरोबर आहे’ म्हणतात. अरे, पेडलखाली हवेचा वाल्व आहे! तेलाची लाइन सगळी रिकामी असली तरी पायाला काही कळणार नाही. तेलाच्या बाजूला काय चाललंय हे कळायची जागा बूस्टरवर आहे. हवेच्या पिस्टनबरोबर एक दांडी बाहेर येते; चाल ठरावीक हद्दीपलीकडे गेली की स्विच दाबला जातो आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा एवढंच सांगतो की पिस्टन जेवढा सरकायला हवा त्यापेक्षा जास्त सरकला. का सरकला, ते सांगत नाही.

कारणं मोजकीच. तेलात हवा आहे आणि ती दबते. तेल कुठून तरी निसटतंय. प्लेटा झिजल्यात, म्हणून पिस्टनला लांब जावं लागतंय. नाहीतर छोट्या टाकीतून तेल बूस्टरला वेळेवर मिळत नाही. चारपैकी पहिल्याच कारणावर सगळे तुटून पडतात, कारण हवा काढायला दीड तास लागतो आणि चाक खोलायला दोन दिवस.

हवा काढल्यावर दिवा जातो, मग दुखणं हवेचंच होतं असं का मानू नये? कारण हवा काढताना आपण नकळत आणखी तीन गोष्टी करतो. टाकी काठोकाठ भरतो. स्विच रीसेट करतो. आणि डंपर अर्धा दिवस उभा राहून पार थंड होतो. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि ती जॉब कार्डावर कुणी लिहीत नाही.

आमच्याकडे ज्या डंपरानं रडवलं त्याला चौदा नंबर म्हणूया. दिवाळीपर्यंत त्याची ब्रेकची एकही तक्रार नव्हती. माल भरून खड्ड्यातून वर चढायचा, वर डंपवर, म्हणजे ढिगावर, टाकायचा, रिकामा खाली यायचा. मग कोळसा काढून झालेल्या भागात माती परत भरायचं काम निघालं आणि चौदा नंबर त्या रूटवर गेला. आता उलटं झालं, भरलेला डंपर खाली आणि रिकामा वर. ऑपरेटर तेच, तेलही तेच, पण तक्रारी सुरू. महिनाभर आम्हाला हा संबंधच लागला नाही, कारण रूट बदलल्याची नोंद ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये कोण करतो?

जरा हिशेब करून बघा. कोळसा खाणींच्या नियमांत हॉल रोडचा, म्हणजे डंपरांच्या रस्त्याचा, उतार सर्वसाधारणपणे १ ला १६ पेक्षा जास्त नसावा असं आहे. भरलेला डंपर धरा १०० टन. तो ३० मीटर खोल उतरला की जवळजवळ २९ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. १०० लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला साधारण एवढीच उष्णता लागते. थोडी रस्ता खातो, थोडी इंजिन खातं, उरलेली सगळी मागच्या दोन चाकांच्या ब्रेकांत. आणि हे एका फेरीचं झालं. १ ला १६ नं ३० मीटर उतरायला रस्ता ४८० मीटर होतो, ताशी १५ किलोमीटरनं जवळपास दोन मिनिटं. दोन मिनिटं ब्रेक सलग दाबलेला आहे आणि तेल तापलेलं आहे. आपण वर्कशॉपमध्ये काय करतो? थंड डंपरावर पेडल दहा सेकंद दाबतो, दांडी बघतो आणि ‘ठीक आहे’ म्हणतो.

चौथ्यांदा हवा काढायची वेळ आली तेव्हा आमच्यातले सगळ्यात जुने फिटर, आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो, चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, “हवा बाहेरून येऊन रायली का तेल बाहेर जाऊन रायलं, हे तं पाहा आधी. दर हप्त्यात काय हवा काढता?” मग त्यांनी खडू घेतला आणि छोट्या टाकीच्या काचेवर तेलाच्या पातळीला रेघ मारली. बाजूला तारीख आणि शिफ्ट. बस, एवढंच. पण महिनाभरात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी मोजलं होतं.

तीन शिफ्टमध्ये पातळी रेघेच्या बोटभर खाली गेली. परत रेघेपर्यंत भरायला तीनशे मिली तेल लागलं. बाहेर कुठे थेंब नाही. पाइपच्या जोडांचे बँजो बोल्ट कोरडे, होज कोरडे, चाकाच्या आतल्या बाजूला ओल नाही. बूस्टरचं पुढचं सील गेलं तर तेल हवेच्या बाजूला जातं आणि ब्रेक सोडताना रिले वाल्वच्या तोंडातून हवेबरोबर उडतं. तिथे पांढरं फडकं धरून पाहिलं, फडकं कोरडं. मग तीनशे मिली तेल गेलं कुठे? एकच जागा उरते, चाकाच्या आत. ब्रेक पिस्टनच्या सीलमधून तेल पलीकडच्या थंड तेलात मिसळतं आणि त्याच्याबरोबर मोठ्या टाकीत जातं. शेकडो लिटरच्या टाकीत तीनशे मिली आले काय न आले काय, कुणाला दिसणार? काही डंपरांत छोटी टाकी नसते, मोठ्या सर्किटमधूनच भरपाई होत राहते. तिथे ही खडूची युक्ती चालत नाही, थेट पुढची तपासणी करा.

खोलण्याआधी

पुढचं वाचण्याआधी हे वाचा. डंपर सपाट जागेवर, बॉडी खाली, चारही बाजूंनी चाकांना दगड किंवा ठोकळे. ब्रेकवर काम करताना ब्रेकच्या भरवशावर गाडी उभी ठेवायची नाही. पार्किंग ब्रेक स्प्रिंगनं लागतो आणि तेलानं सुटतो, म्हणजे काम करताना त्याच्या लाइनमध्ये प्रेशर गेलं तर तो सुटूही शकतो. कुठलीही लाइन ढिली करण्याआधी इंजिन बंद, हवेच्या टाक्या रिकाम्या, अक्युम्युलेटर (गॅसच्या दाबाखाली तेल साठवणारं भांडं) असेल तर त्याचं प्रेशर उतरवलेलं. अक्युम्युलेटरमध्ये फक्त कोरडा नायट्रोजन भरायचा. नायट्रोजनचा सिलेंडर संपला म्हणून गॅस वेल्डिंगचा ऑक्सिजन जोडायला निघालेला माणूस मी पाहिलाय. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, तिथे नशिबाची भाषा चालत नाही. आणि दाबाखालच्या होजची बारीक गळती बोटानं चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. तेलाची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच मिनिटाला दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना ‘हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ हे शब्द सांगा.

गरम डंपरावर दोन मिनिटं

तपासणी अशी करायची. डंपर दोन-तीन भरलेल्या फेऱ्या मारून आला की थंड व्हायच्या आत सपाट जागेवर घ्या आणि ठोकळे लावा. इंजिन चालू, हवेचं प्रेशर पूर्ण. ऑपरेटरनं रिटार्डरचा दांडा पूर्ण ओढून दोन मिनिटं धरायचा. दुसऱ्यानं बूस्टरच्या दांडीशेजारी स्टीलची पट्टी धरून बघायचं, बोट आत न घालता. तेलात हवा असेल तर दांडी पहिल्याच झटक्यात लांब येते आणि तिथेच थांबते. तेल निसटत असेल तर आधी बरोबर जागेवर थांबते आणि मग हळूहळू, घड्याळाच्या काट्यासारखी, सरकत राहते. हा फरक डोळ्यांनी एकदा बघितला की आयुष्यात विसरत नाही.

चौदा नंबरची दांडी दोन मिनिटांत २२ मिलिमीटर सरकली. सकाळी थंड असताना हीच तपासणी केली होती तेव्हा केसभरही हलली नव्हती. गरम तेल पातळ होतं आणि म्हातारं झालेलं सील उष्णतेत जागा सोडतं, एवढीच गंमत.

आता कुठलं चाक? प्रेशर उतरवून उजव्या चाकाची ब्रेक लाइन काढली आणि तिथे त्या प्रेशरला चालणारा स्टीलचा प्लग लावला. कापडाचा बोळा किंवा ठोकून चपटा केलेला पाइप नव्हे. परत दोन मिनिटं. दांडी जागची हलली नाही. म्हणजे उजवं चाक. असा प्लग लावलेला डंपर एक फूटसुद्धा चालवायचा नाही, स्टीअरिंगला ‘चालवू नका’ची पाटी बांधून ठेवा. कुणीतरी येतो आणि ‘जरा बाजूला घेतो’ म्हणतो.

चाक खोललं. पिस्टनचं सील हातात घेऊन वाकवलं तर पापडासारखं मोडलं. दोन डिस्कवर निळे-जांभळे डाग, जळक्या तेलाचा वास. सील किट टाकलं, डिस्क बदलल्या, डंपर गेला. दिवा बंद. आम्ही खूष, फोरमननं पेढे आणले.

दोन महिन्यांनी दिवा परत लागला. तेच चाक.

सील जळलं कशानं

इथे आमची अक्कल उघडी पडली. रूटमुळे उष्णता वाढली म्हणावं, तर डाव्या चाकालाही तोच रूट होता. त्याचं सील शाबूत कसं? टेंपरेचर गन आणली आणि उतार संपल्यावर दोन्ही चाकांचं बाहेरून एकाच जागी माप घेतलं. डावं ७८ अंश, उजवं १०४. मग रिकामा डंपर सपाट रस्त्यावर ब्रेक न लावता एक किलोमीटर चालवला आणि परत बघितलं. डावं उतरलं होतं, उजवं होतं तिथेच. ब्रेक सोडल्यावरही उजवं चाक थोडं धरून राहत होतं.

याची खातरी करायला पैसे लागत नाहीत. ब्रेक सोडा, इंजिन बंद करा, हवेच्या टाक्या रिकाम्या करा, डोळ्यांवर चष्मा लावा. दोन्ही चाकांचे ब्लीडर (हवा काढायचे स्क्रू) पाव आटा ढिले करा, होजचा तुकडा बाटलीत सोडून. डाव्या बाजूला तेल दोन थेंब आलं आणि थांबलं. उजव्या बाजूला पिचकारी उडाली. ब्रेक सुटलेला, हवा उतरलेली आणि चाकात प्रेशर अडकलेलं! मग ते कोण अडवतंय? चाकात प्रेशर परत भरून बूस्टरकडून येणारी लाइन स्लॅक अॅडजस्टरच्या आधी ढिली केली, तिथे प्रेशर नाही. म्हणजे दोषी स्लॅक अॅडजस्टर.

हा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, कारण तो निमूटपणे काम करतो. प्लेटा झिजत जातात तसं चाकाच्या बाजूला थोडं थोडं जास्त तेल ठेवायचं, ब्रेक सोडल्यावर पिस्टनला ठरलेलं अंतर मागे येऊ द्यायचं आणि पुढच्या वेळी चाल तेवढीच लागेल असं बघायचं, हे त्याचं काम. आमचा उघडला तर उजव्या बाजूच्या पिस्टनवर गंजाचा कड आणि भोवती काळा चिकट गाळ. पिस्टन येताना यायचा, परत जाताना अडकायचा. टाकीचं झाकण नीट न बसल्यानं पावसाळ्यात पाणी गेलं असणार, नाहीतर कुणी कोळशाच्या धुळीनं भरलेल्या मापातून तेल ओतलं असणार.

आता साखळी सरळ झाली. अॅडजस्टर अडकला म्हणून ब्रेक धरून राहिला, धरून राहिला म्हणून चाक तापलं, तापलं म्हणून सील कडक झालं, कडक झालं म्हणून तेल निसटलं आणि तेल निसटलं म्हणून दिवा. आम्ही पाच वेळा शेवटच्या कडीला तेल लावत होतो.

साखळीला आणखी दोन हातभार होते. ऑइल कूलरच्या जाळीवर कोळशाच्या चिखलाचा थर वाळून सिमेंटसारखा बसला होता. इथे मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो, तेव्हा असा कूलर म्हणजे नुसतं ओझं. धुताना पाण्याचा फवारा आतून बाहेर मारा, नाहीतर चिखल आणखी आत बसतो.

दुसरा हातभार गिअरचा. आमचे बरेच ऑपरेटर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर उतरायचे आणि रिटार्डर दाबून धरायचे. का, तर “कायले उगाच इंजिन रडवू भाऊ? डिझल वाचते.” वाचत काही नाही. उतारावर पाय सोडलेला असताना इंजिनाला डिझेल जवळपास लागतच नाही. उलट ब्रेकमधून थंड तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. आरपीएम पडला की ब्रेक जास्त तापतोय नेमक्या त्याच वेळी थंड तेल कमी. खालच्या गिअरमध्ये, आरपीएम लाल पट्ट्याच्या आत पण चढा ठेवून उतरायचं. हे ऑपरेटरला वर्कशॉपमध्ये बोलावून सांगितलं तर तो मान हलवतो आणि विसरतो. त्याच्या शेजारी बसून एक फेरी मारा, ब्रेक तेलाच्या टेंपरेचरचा काटा त्यालाच बघू द्या.

तेलाबद्दल एक खरमरीत गोष्ट

दुसऱ्या एका डंपरात सगळी सीलं एकाच महिन्यात गेली होती. हातात घेतली तर भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगलेली. रात्रपाळीच्या हेल्परनं ‘ब्रेकची टाकी’ म्हणून जीपचं ब्रेक ऑइल ओतलं होतं. त्याची चूक नाही, टाकीवर काही लिहिलेलंच नव्हतं. जीपचं डॉट ३, डॉट ४ हे ग्लायकॉलचं द्रव, आमच्या डंपराला लागतं ते खनिज तेल. एकाचं रबर दुसऱ्याला चालत नाही. शंका आली तर टाकीतलं थोडं द्रव पाण्याच्या ग्लासात टाका. खनिज तेल वर तरंगतं, ग्लायकॉलचं पाण्यात विरघळतं. असं मिसळलेलं निघालं तर नुसतं तेल बदलून भागत नाही. लाइन धुवा आणि ज्या ज्या रबराला ते लागलं ते ते बदला, होजसकट. खर्च ऐकून साहेब ओरडतील, ओरडू द्या.

हवा काढायचीच असेल तर

काम उरकल्यावर हवा काढावी लागतेच, मग ती नीट काढा. आधी टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बघा. चौदा नंबरचं तेही धूळ आणि रंगानं बुजलं होतं. ते बुजलं की टाकीतून तेल उतरताना आत ओढ तयार होते आणि ब्रेक सुटताना बूस्टरच्या सीलाच्या ओठावरून हवा आत ओढली जाते. म्हणजे आम्ही हवा काढायचो आणि डंपर ती परत प्यायचा. हवा ‘कुठून’ येते हे विचारलं असतं तर हे पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

बूस्टरपासून सुरुवात करा, मग स्लॅक अॅडजस्टर, मग चाकं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. पारदर्शक होजचं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं हवं. ब्रेक हळू लावा, ब्लीडर उघडा, बंद करा आणि मगच ब्रेक सोडा. दणादण पेडल मारलं की तेलाचा फेस होतो आणि फेसातली हवा तासभर बाहेर येत नाही. मध्ये टाकी रिकामी पडू देऊ नका, एकदा तळ दिसला की पहिल्यापासून सुरुवात. बाटलीत निघालेलं तेल परत टाकीत ओतू नका, स्वच्छ दिसलं तरी.

मग ब्रेकची पकड तपासा. कितव्या गिअरमध्ये, किती आरपीएमला गाडी जागेवर धरून ठेवली पाहिजे हे प्रत्येक मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. दुसऱ्या मॉडेलचा आकडा उचलू नका. समोर मोकळी सपाट जागा ठेवा, माणूस एकही नको. त्यानंतर दोन-तीन फेऱ्या मारून डंपर तापवा आणि दांडीची ती दोन मिनिटांची तपासणी परत करा. थंड डंपर पास करायचा नाही.

चौदा नंबरला नवीन स्लॅक अॅडजस्टर बसला, सील दुसऱ्यांदा बदललं, कूलर धुतला, झाकण बदललं. टाकीवर पिवळ्या रंगात तेलाचं नाव लिहिलं. काकाजींनी काचेवर परत खडूची रेघ मारली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पातळी त्या रेघेवरच राहिली. रेघ मात्र दर आठवड्याला नव्यानं मारावी लागायची, कारण धुवायला घेतलेला पोरगा ती पुसून टाकायचा.